एक्सेप्शन क्लासची उतरंड: किती पातळ्या, किती क्लास, आणि पकडायचं कुठे?

फेरीधक्का (पर्वरी), सोमवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. होमस्टे बुकिंगची सिस्टीम आहे. जावा १७, स्प्रिंग बूट, मागे पोस्टग्रेस. मांद्रे, मोरजी, पाळोळे इथल्या घरमालकांच्या खोल्या त्यावर आहेत. मुख्य भाग तीन: बुकिंग, पेमेंट, आणि परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत भरायचा सी फॉर्म.

एक्सेप्शनचे (चूक झाली की कोड फेकतो त्या वस्तूंचे) क्लास आजघडीला ३७ झालेत. प्रत्येक मॉड्यूलला एक पालक (बुकिंगएक्सेप्शन, पेमेंटएक्सेप्शन, सीफॉर्मएक्सेप्शन) आणि त्याखाली चुकीगणिक एक क्लास: रूमनॉटअव्हेलेबल, डेट्सइनव्हॅलिड, पेमेंटडिक्लाइन्ड, पेमेंटगेटवेटाइमआउट, सीफॉर्मसर्व्हरडाउन वगैरे. सगळे चेक्ड, म्हणजे थेट एक्सेप्शनचे वारस, जे पकडावेत किंवा मेथडवर थ्रोज लिहून जाहीर करावेत अशी कंपायलरची सक्ती असते.

दुखणं असं: कंट्रोलरच्या एकेका मेथडवर सहा-सात कॅच ब्लॉक आहेत आणि त्यातले चार अक्षरशः सारखे. नवा क्लास आला की दहा फायलींत थ्रोज वाढवावं लागतं. म्हणून काही ठिकाणी सरळ कॅच एक्सेप्शन लिहून सगळं एका गोणीत भरलंय. चवथीच्या सुट्टीआधी हे नीट लावायचं आहे. पातळ्या किती असाव्यात? चेक्ड ठेवावं की रनटाइम (ज्यावर ही सक्ती नसते)? क्लास कमी करावेत की पालक वाढवावेत?


खाजन, सोमवार, रात्री १०:०२

क्लासचा आकडा हा मूळ रोग नाही. झाड आडवं कापायच्या जागी उभं कापलं गेलंय.

३७ नावांची यादी करा आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा: हे पकडल्यावर कोड *वेगळं* काय करतो? चूक कुठे उपजली ते लिहू नका, पकडणारा काय करणार तेवढंच लिहा. तुमच्या सिस्टीममध्ये उत्तरं साधारण चारच निघतील:

– नियमानं नकार. खोली भरलेली आहे, कार्ड नाकारलं. पाहुण्याला सांगायचं, दुसरा पर्याय द्यायचा. लॉगमध्ये इन्फो पातळी पुरे, मध्यरात्री कुणाला उठवायचं नाही.
– आलेली माहितीच चूक. निघायची तारीख येण्याच्या तारखेआधीची. फॉर्म परत दाखवायचा.
– तात्पुरती अडचण. पलीकडचा सर्व्हर बंद, डेडलॉक (दोन व्यवहार एकमेकांसाठी अडकून बसणं). थांबून पुन्हा प्रयत्न.
– आपलाच बग किंवा सेटिंगची चूक. इथे सावरायला काही नाही. अख्खा स्टॅक ट्रेस (चूक कुठल्या कुठल्या मेथडमधून आली ती यादी) लिहायचा, ५०० (सर्व्हरच्या चुकीचा एचटीटीपी कोड) द्यायचा, माणसाला कळवायचं.

आता तुमचं झाड बघा. पेमेंटडिक्लाइन्ड आणि पेमेंटगेटवेटाइमआउट सख्खी भावंडं आहेत, पण दोघांचा उपचार उलटा. गेटवे टाइमआउट आणि सीफॉर्मसर्व्हरडाउन यांचा उपचार जवळपास एक, पण त्यांचा सामाईक पूर्वज थेट एक्सेप्शन. म्हणून जिथे दोन्ही पकडायचे तिथे एकतर दोन ब्लॉक लिहावे लागतात, नाहीतर सगळं गिळणारा एक.

जावानं स्वतः ही दुरुस्ती केलेली आहे. जावा ६ येईपर्यंत डेटाबेसची कुठलीही चूक म्हणजे एसक्यूएलएक्सेप्शन, आणि एसक्यूएलस्टेट हा चुकीचा पाच अक्षरी कोड वाचून आपण ठरवायचं. २००६ मध्ये त्याखाली तीन फांद्या आल्या: ट्रान्झिएंट, नॉनट्रान्झिएंट आणि रिकव्हरेबल. पहिलीत तेच काम पुन्हा केलं तर जमू शकतं. दुसरीत कारण दुरुस्त केल्याशिवाय जमणार नाही. तिसरीत कनेक्शन टाकून देऊन नवं घ्यायचं आणि व्यवहार पहिल्यापासून चालवायचा. टाइमआउट, व्यवहार रोलबॅक होणं (मागे फिरवला जाणं), कनेक्शन तात्पुरतं न मिळणं ही तिन्ही ट्रान्झिएंटखाली आहेत. फांद्या टेबलप्रमाणे किंवा ड्रायव्हरप्रमाणे पाडलेल्या नाहीत. पकडणाऱ्याच्या पुढच्या पावलाप्रमाणे पाडल्यात.

पातळ्या: मुळाशी एक, त्याखाली या फांद्या, त्याखाली गरज असेल तरच पानं. तीनच्या वर सहसा लागत नाहीत.


खाजन, सोमवार, रात्री १०:१९

राहिलं. पान केव्हा काढायचं? दोनच कारणं मान्य करा: कुणीतरी तेवढंच पकडतो, किंवा त्यासोबत वेगळी माहिती जाते (रूमनॉटअव्हेलेबलबरोबर खोली क्रमांक आणि दोन तारखा). दोन्ही नसेल तर पालक क्लासमध्ये एक इनम कोड (ठरावीक नावांपैकी एक) ठेवा आणि क्लास पुसा. ३७ मधले बरेचसे असेच जातील.

नावात मॉड्यूल नको असं म्हणत नाही. मॉड्यूल हे पॅकेजमधून कळतंच, आणि कोडमध्येही ठेवता येतं.


सुरंगी, मंगळवार, सकाळी ७:४०

खाजनबाब, वाटणी पटली, पण पेमेंट टाइमआउट तात्पुरत्या अडचणीत टाकू नका. इथे पैसे दोनदा कापले जातात.

रीड टाइमआउटचा अर्थ "काम झालं नाही" असा नसतो. आपल्याला उत्तर आलं नाही, एवढंच त्यातून कळतं. पलीकडे पैसे कापून झालेले असू शकतात. याला पाचवी फांदी हवी: निकाल अनिश्चित. उपचारही निराळा आहे. पुन्हा पैसे मागायचे नाहीत. आधी त्याच संदर्भ क्रमांकानं गेटवेला स्थिती विचारायची. उत्तर मिळेपर्यंत बुकिंग "प्रलंबित" ठेवायचं आणि खोली अडवून ठेवायची. गेटवे आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती दोनदा आली तरी काम एकदाच करवणारा क्रमांक) स्वीकारत असेल तरच तीच की लावून विनंती पुन्हा पाठवणं सुरक्षित. की पहिल्या प्रयत्नाआधी तयार करून डेटाबेसमध्ये लिहून ठेवायची. रिट्रायच्या लूपच्या आत तयार केली तर दर खेपेला नवी की होते आणि सगळा बंदोबस्त फुकट.

कनेक्ट टाइमआउट वेगळा. जोडणीच झाली नाही, विनंती गेलीच नाही, तर पुन्हा प्रयत्न निर्धास्त करा. अडचण अशी की जुन्या एचटीटीपीयूआरएलकनेक्शनमध्ये दोन्हींसाठी एकच सॉकेटटाइमआउटएक्सेप्शन येतो, फरक फक्त मेसेजच्या मजकुरात. जावा ११ पासूनच्या नव्या एचटीटीपी क्लायंटमध्ये एचटीटीपीकनेक्टटाइमआउटएक्सेप्शन हा एचटीटीपीटाइमआउटएक्सेप्शनचा वारस आहे. म्हणून आधी कनेक्टवाला पकडून "तात्पुरती अडचण" फेका, मग दुसरा पकडून "निकाल अनिश्चित". मात्र कनेक्ट टाइमआउट क्लायंटच्या बिल्डरमध्ये वेगळा द्यावा लागतो. नुसता विनंतीवरचा टाइमआउट ठेवून दोघांतला फरक कळेल या भरवशावर राहू नका.

म्हणजे "पुन्हा करता येईल" हा गुण एकट्या चुकीचा नाही. चूक आणि काम, दोन्ही मिळून तो ठरतो. खोल्यांची यादी वाचताना आलेला टाइमआउट तात्पुरताच. पैसे कापताना आलेला तसा नाही. हा निर्णय सगळ्यात खालच्या एचटीटीपीच्या थरात घेता येत नाही. पेमेंटच्या ॲडॅप्टरमध्येच घ्यावा लागतो, कारण आपण काय मागितलं होतं हे तिथेच ठाऊक असतं.


फेरीधक्का, मंगळवार, दुपारी १:०५

सुरंगीताई, हे थेट लागू पडतं. सध्या सगळा टाइमआउट एकाच क्लासमध्ये जातो आणि वर तीन वेळा रिट्राय आहे. आजच बंद करतो.

दुसरा प्रश्न: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकाच खोलीवर दोन बुकिंग एकदम येतात. त्यासाठी टेबलावर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकाच खोलीच्या एकमेकांवर येणाऱ्या तारखा नाकारणारा डेटाबेसचा नियम) आहे. तो मोडल्यावर रूमनॉटअव्हेलेबल फेकायचा म्हणून सर्व्हिस मेथडमध्येच सेव्हभोवती ट्राय-कॅच आहे. पण कॅचमध्ये कधी येतच नाही, चूक थेट कंट्रोलरला दिसते.


सुरंगी, मंगळवार, दुपारी २:३०

जेपीए (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसात लिहिणारा थर) वापरताय ना? सेव्ह म्हटल्यावर इन्सर्ट लगेच जाईलच असं नाही. आयडी आधी सीक्वेन्समधून मिळाला असेल तर इन्सर्ट फ्लशपर्यंत (साठलेली विधानं डेटाबेसकडे पाठवली जाईपर्यंत) थांबतो, आणि फ्लश होतो कमिटच्या वेळी. तोवर तुमची मेथड, तिच्यातल्या कॅचसकट, संपलेली असते. ट्रान्झॅक्शनल प्रॉक्सी (व्यवहार सुरू-बंद करण्यासाठी स्प्रिंगनं मेथडभोवती घातलेलं वेष्टण) कमिट करते तेव्हा चूक उडते.

उपाय दोन. सेव्हअँडफ्लश वापरा, म्हणजे चूक त्याच ओळीवर येईल. किंवा, आणि हे जास्त चांगलं, भाषांतर ट्रान्झॅक्शनच्या बाहेरच्या थरात करा.

बाहेर का? पोस्टग्रेसमध्ये व्यवहारात एक जरी विधान फसलं तरी पुढची सगळी विधानं २५पी०२ देऊन नाकारली जातात. त्यामुळे आत पकडून "चला, शेजारची खोली बघू" करता येत नाही (सेव्हपॉइंट, म्हणजे व्यवहारातली परत फिरायची खूण, लावला असेल तर गोष्ट निराळी). शिवाय आतल्या ट्रान्झॅक्शनल मेथडनं रनटाइम एक्सेप्शन फेकला आणि बाहेरच्या मेथडनं तो पकडून गिळला, तरी व्यवहारावर "फक्त रोलबॅक" असा शिक्का बसलेला असतो. शेवटी कमिटच्या वेळी अनएक्स्पेक्टेडरोलबॅकएक्सेप्शन येतो आणि मूळ कारण शोधत बसावं लागतं.

तुम्हाला हाती मिळणारा क्लास स्प्रिंगचा डेटाइंटिग्रिटीव्हायोलेशनएक्सेप्शन असेल. तेवढ्यावरून "खोली भरली" ठरवू नका, कारण फॉरेन की मोडली तरी तोच येतो. गेटकॉज धरत एसक्यूएलएक्सेप्शनपर्यंत जा, एसक्यूएलस्टेट २३पी०१ आहे का पाहा, आणि कन्स्ट्रेंटचं नावही जुळवा. २३५०५ म्हणजे युनिक मोडला, ४०००१ म्हणजे सीरियलायझेशन जमलं नाही, ४०पी०१ म्हणजे डेडलॉक; शेवटचे दोन तात्पुरत्या फांदीत. इंग्रजी मेसेजमध्ये शब्द शोधून ठरवणं टाळाच. सर्व्हरची भाषा किंवा आवृत्ती बदलली की ते मुकाट मोडतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या सिस्टीममध्ये या क्षणी चुकत असणार: क्लास चेक्ड आहेत. स्प्रिंग ट्रान्झॅक्शनल मूळ सेटिंगमध्ये रनटाइमएक्सेप्शन आणि एरर यांवरच रोलबॅक करतो. चेक्ड एक्सेप्शन बाहेर पडला तर *कमिट* करतो. म्हणजे बुकिंगची ओळ घातली, पुढे पेमेंटडिक्लाइन्ड फेकला, तर बुकिंग डेटाबेसमध्ये राहिलं. प्रत्येक मेथडवर रोलबॅकफॉर (चेक्डवरही रोलबॅक करायला सांगणारं सेटिंग) लिहिलेलं आहे का, तपासा.


फेरीधक्का, मंगळवार, दुपारी ३:१२

११ पैकी ४ मेथडवर आहे. बाकीच्या ७ वर नाही.


ओहळ (फोंडा), मंगळवार, सायंकाळी ६:४८

रोलबॅकच्या एका सेटिंगपायी चेक्ड एक्सेप्शन टाकून देऊ नका. त्यांचं खरं काम असं की कंपायलर हाक मारून सांगतो: इथे असं होऊ शकतं, तू काय करणार? सी फॉर्मचंच घ्या. जमा झाला नाही तर कायद्याची मुदत चुकते. हा रनटाइम केला आणि नव्या माणसानं ती मेथड भलत्या ठिकाणाहून बोलावली, तर त्याला पत्ताच लागणार नाही. चेक्ड असेल तर निदान हात थांबेल.


खाजन, मंगळवार, रात्री ९:२०

ओहळ, हात थांबतो हे खरं, पण थांबलेला हात पुढे काय लिहितो तेही पाहायला हवं. फेरीधक्कांच्या कोडमध्येच उत्तर आहे: कॅच एक्सेप्शन. चेक्ड तेव्हा चालतं जेव्हा *लगेच* वरचा थर काहीतरी करू शकतो. पाच थर नुसते थ्रोज लिहून पुढे ढकलत असतील तर पाचही थर त्या क्लासला बांधले गेले. मग पेमेंट गेटवे बदलला की पाच मेथडच्या सिग्नेचर बदला.

दोन अडचणी भाषेच्याच आहेत. एक: ओव्हरराइड करणारी मेथड पालकापेक्षा जास्त किंवा रुंद चेक्ड एक्सेप्शन जाहीर करू शकत नाही. इंटरफेसवर थ्रोज नसेल तर अंमलबजावणीत चेक्ड फेकताच येत नाही, गुंडाळावाच लागतो. दोन: फंक्शन, सप्लायर, कन्झ्युमर यांच्या मेथडवर थ्रोज नाही, म्हणून स्ट्रीममधल्या लॅम्बडात (जागेवरच लिहिलेल्या फंक्शनात) चेक्ड अडकतो. जावा ८ आणताना, २०१४ मध्ये, लायब्ररीत अनचेक्डआयओएक्सेप्शन नावाचं खास वेष्टण आणावं लागलं ते याचसाठी.


ओहळ, मंगळवार, रात्री ९:५१

लॅम्बडाचं मान्य. पण सी फॉर्मच्या ॲडॅप्टरपासून त्याला बोलावणाऱ्या एकाच सर्व्हिसपर्यंत, म्हणजे एकाच पायरीपुरता, चेक्ड ठेवायला हरकत काय? तिथे करण्यासारखं ठोस काम आहे: रांगेत टाकणं.


सुरंगी, मंगळवार, रात्री १०:०७

एका पायरीपुरता ठेवा, बरोबर आहे. किंवा तिथे एक्सेप्शनच नको. मेथडनं सील्ड इंटरफेसचा (ज्याचे वारस आधीच ठरलेले असतात) निकाल परत द्यावा: जमा झाला, रांगेत गेला, नाकारला. जावा १७ मध्ये सील्ड आहे. कंपायलरची हाक तशीही मिळते, आणि रोलबॅकचा नियम आड येत नाही. स्विचमध्ये तिन्ही शक्यता आल्यात की नाही हे कंपायलर तपासतो तो मात्र जावा २१ पासून. १७ मध्ये ती सोय प्रीव्ह्यू होती.

पावसात वीज गेली, राउटर बसला, म्हणून फॉर्म लगेच गेला नाही, हे इथे अपवादात्मक धरताच येणार नाही. जून ते सप्टेंबर ते रोजचंच.


ओहळ, मंगळवार, रात्री १०:१५

हे आवडलं. माझा मुद्दा यात बसतो.


शिगमो (म्हापसा), बुधवार, सकाळी ११:३०

इथे काम पीएचपीत चालतं म्हणून विचारतो. पाच फांद्या समजल्या. पण एखादी चूक दोन फांद्यांत बसते तेव्हा? शिवाय कॅच लिहिलेला असूनही चूक निसटते, असं का होत असावं?


कुळागर, बुधवार, दुपारी १२:४५

शिगमो, निसटण्याचं पीएचपीतलं पहिलं कारण नेमस्पेस. फाइलीच्या माथ्यावर नेमस्पेस असेल आणि कॅचमध्ये नुसतं एक्सेप्शन लिहिलं, तर पीएचपी त्याच नेमस्पेसमधला एक्सेप्शन शोधतो. तसा क्लास नसला तरी कॅच तक्रार करत नाही, फक्त कधीच जुळत नाही. आधी उलटी तिरकी रेघ द्या किंवा वर यूज लिहा. दुसरं कारण: पीएचपी ७ पासून (२०१५) टाइपएरर वगैरे एररखाली येतात, एक्सेप्शनखाली नाहीत. दोघांचा सामाईक माथा थ्रोएबल. सगळ्यात बाहेरच्या दारावर थ्रोएबल पकडा, आत नाही.

दोन फांद्यांच्या प्रश्नाला पीएचपीत सोपं उत्तर आहे, कारण तिथे कॅचमध्ये *इंटरफेस* चालतो. रिट्रायेबल नावाचा रिकामा इंटरफेस करा आणि हव्या त्या क्लासला लावा. क्लास एका झाडात राहतो, इंटरफेस दुसरा कोन देतो. जावात हे जमत नाही, कॅचमध्ये थ्रोएबलचा वारस क्लासच लागतो. तिथे पकडून इन्स्टन्सऑफ तपासा आणि जुळलं नाही तर पुन्हा फेका. सीशार्पमध्ये २०१५ च्या ६व्या आवृत्तीपासून कॅचला व्हेन लावता येतो. तो नुसत्या इफपेक्षा सरस, कारण अट स्टॅक उलगडण्याआधी तपासली जाते. जुळली नाही तर मूळ जागेची स्थिती डंपमध्ये शाबूत राहते.

सीशार्पचं आणखी एक: पुन्हा फेकताना नुसतं थ्रो लिहा. थ्रो ई लिहिलं की स्टॅक ट्रेस त्या ओळीपासून नव्यानं सुरू होतो आणि मूळ जागा हरवते. ॲप्लिकेशनएक्सेप्शनचे वारसही काढू नका. तो क्लास एके काळी "ॲपच्या सगळ्या चुकांचा पालक" म्हणून ठेवला होता, पण त्याला एकगठ्ठा पकडून कुणाला काहीच करता येईना, म्हणून खुद्द मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनात आता तो टाळायला सांगतात. खाजनबाब म्हणतात त्याचाच हा पुरावा.


कुळागर, बुधवार, दुपारी १:२०

पायथनवाले कुणी वाचत असतील तर, कारण तिथे कंपायलर काहीच सांगत नाही:

जावात पालक आधी आणि वारस नंतर पकडला तर कोड कंपाइल होत नाही. पायथन गप्प राहतो, वारसाचा ब्लॉक आयुष्यात चालत नाही. उघडा एक्सेप्ट शेवटी नसेल तरच सिंटॅक्स एरर येतो.

उघडा एक्सेप्ट लिहू नका. कीबोर्डइंटरप्ट आणि सिस्टमएक्झिट थेट बेसएक्सेप्शनखाली आहेत, ते गिळले की प्रोग्रॅम कंट्रोल-सीनंही थांबत नाही. असिंकआयओचा कॅन्सल्डएरर ३.८ मध्ये (२०१९) बेसएक्सेप्शनखाली हलवला गेला, कारण लोकांच्या "एक्सेप्ट एक्सेप्शन" मध्ये टास्कची रद्द करण्याची सूचनाच अडकत होती. त्याहून जुना पायथन चालवत असाल तर कॅन्सल्डएरर आधी वेगळा पकडून पुन्हा फेका.

तयार झाडातली नाती माहीत हवीत. जेसनडीकोडएरर आणि युनिकोडडीकोडएरर हे दोन्ही व्हॅल्यूएररचे वारस. "रक्कम आकडा आहे का" पाहायला लावलेला एक्सेप्ट व्हॅल्यूएरर आतल्या फाटक्या जेसनलाही "रक्कम चूक" म्हणेल. ३.३ पासून (२०१२) आयओएरर हे ओएसएररचंच दुसरं नाव आहे आणि कनेक्शनएरर त्याच्या खाली येतो. फाइल वाचण्यासाठी लावलेला ब्लॉक नेटवर्कची चूकही पोटात घेतो. ट्रायच्या आत एकच ओळ ठेवा, बाकीचं एल्समध्ये.

आणि हे फार जणांना नडतं. स्वतःच्या क्लासच्या इनिटमध्ये खोली आणि तारीख असे दोन आवश्यक पॅरामीटर घेतले, पण सुपरला फक्त मेसेज दिला. एका प्रोसेसमध्ये सगळं ठीक चालतं. मल्टिप्रोसेसिंगमध्ये एक्सेप्शन पिकल होऊन (बाइट्समध्ये बांधला जाऊन) पलीकडे जातो, उघडताना पायथन आर्ग्जमधली मूल्यं इनिटला देतो. ती एकच असते, हवी असतात दोन. मूळ चुकीच्या जागी "एक आर्ग्युमेंट कमी" असा टाइपएरर दिसतो, आणि पूल लटकूही शकतो. सुपरला सगळी मूल्यं त्याच क्रमानं द्या आणि वाचायचा मजकूर एसटीआर मेथडमध्ये घडवा.


दूधसागर (वेर्णा), बुधवार, रात्री ८:३३

सी++ मध्ये उतरंड बरोबर असूनही न पकडलं जाण्याची तीन कारणं.

वारसा लिहिताना पब्लिक विसरलं. क्लास शब्दानं लिहिलेला वारसा मुळात प्रायव्हेट असतो, म्हणून एसटीडी एक्सेप्शनचा कॅच जुळत नाही आणि प्रोग्रॅम थेट टर्मिनेट होतो. कंपायलर वारस काढू देतो, काही बोलत नाही.

दोन पालक, दोघांचाही पूर्वज एसटीडी एक्सेप्शन. आत पूर्वजाच्या दोन प्रती, कुठली ते ठरत नाही, कॅच जुळत नाही. दोन्ही पालकांनी व्हर्च्युअल वारसा घेतला तर सुटतं. पण लायब्ररीतला रनटाइमएरर साध्या वारशाचा आहे, तो बदलता येत नाही. म्हणून सी++ मध्ये एक्सेप्शनला दुसरा कोन देताना त्या दुसऱ्या पालकाला एसटीडी एक्सेप्शनपासून दूर ठेवा.

तिसरं, मूल्यानं पकडणं. वारसाचा भाग कापला जातो, व्हॉट (चुकीचा मजकूर देणारी मेथड) पालकाचा मजकूर देते. नेहमी कॉन्स्ट रेफरन्सनं पकडा, आणि पुन्हा फेकताना नाव न देता थ्रो. नाव दिलं तर कापलेली प्रत पुढे जाते.


फेरीधक्का, गुरुवार, रात्री ९:४०

तुमच्या सगळ्यांच्या सूचनांवरून नवं झाड मांडलं. ३७ चे ९ झाले:

होमस्टेएक्सेप्शन (ॲबस्ट्रॅक्ट, रनटाइमएक्सेप्शनचा वारस, कोड आणि कॉज बाळगतो)
– रिजेक्टेड
– – रूमनॉटअव्हेलेबल (खोली, दोन तारखा)
– – पेमेंटडिक्लाइन्ड (गेटवेचा कोड)
– बॅडइनपुट (चुकीच्या रकान्यांची यादी)
– टेम्पररी
– – अपस्ट्रीमडाउन (किती सेकंदांनी पुन्हा)
– आउटकमअननोन (संदर्भ क्रमांक)
– मिसकॉन्फिगर्ड

सी फॉर्मसाठी सील्ड निकाल. कंट्रोलरमधले कॅच सगळे काढून एकच कंट्रोलरॲडव्हाइस (सगळ्या कंट्रोलरमधून सुटलेल्या चुका एका जागी पकडणारा क्लास): रिजेक्टेडला ४०९, बॅडइनपुटला ४००, टेम्पररीला ५०३ आणि रिट्राय-आफ्टर हेडर, आउटकमअननोनला २०२ आणि स्थिती बघायचा पत्ता, बाकी ५००. रिट्राय फक्त टेम्पररीवर: एकूण ३ प्रयत्न, मध्ये २०० आणि ४०० मिलिसेकंद. काही सुटलंय का?


सुरंगी, गुरुवार, रात्री १०:२५

झाड छान झालं. या जागा बघा.

२०० आणि ४०० मध्ये थोडा यादृच्छिक भाग मिसळा, नाहीतर डेडलॉकमध्ये अडकलेले दोघे एकाच क्षणी परत येऊन पुन्हा अडकतात. रिट्रायचा थर ट्रान्झॅक्शनच्या *बाहेर* आहे ना? दोन्ही ॲनोटेशन एकाच मेथडवर असतील तर कुठली प्रॉक्सी बाहेर बसते ते गृहीत धरू नका. दोन वेगळे बीन (स्प्रिंगनं सांभाळलेले ऑब्जेक्ट) करा, बाहेरच्यात रिट्राय, आतल्यात ट्रान्झॅक्शनल. थांबताना इंटरप्टेडएक्सेप्शन आला तर थ्रेडचा इंटरप्ट झेंडा परत लावून मग बाहेर पडा.

कॉज हा पालकाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सक्तीचा करू नका. रूमनॉटअव्हेलेबल नुसत्या तपासणीतूनही येतो, तेव्हा कॉज नसतोच. पण दुसरा एक्सेप्शन पकडून नवा फेकताना कॉज दिलाच पाहिजे. नुसता त्याचा गेटमेसेज जोडून दिला तर खालचा स्टॅक ट्रेस गेला, आणि नलपॉइंटरसारख्यांचा मेसेज कधी कधी रिकामाच असतो.

मिसकॉन्फिगर्ड कशासाठी? तो कुणी पकडत नाही. खाजनबाबांच्या नियमानं तो पानही नाही. इलीगलस्टेटएक्सेप्शन फेका.


खाजन, गुरुवार, रात्री १०:४४

सहमत, काढा. होमस्टेएक्सेप्शन हा मुळाचा क्लासही व्यवसायाच्या कोडमध्ये कुणी पकडू नये, तो फक्त ॲडव्हाइससाठी. आणि लॉग एकाच जागी करा, त्या ॲडव्हाइसमध्येच. पकडून लॉग करून पुन्हा फेकलं की एका चुकीचे चार ट्रेस दिसतात आणि चार चुका झाल्यासारखं वाटतं.

मेसेज हा लॉग वाचणाऱ्यासाठी आहे. पाहुण्याला दिसणारं वाक्य कोडवरून भाषांच्या फायलीतून येऊ द्या; मराठी, कोंकणी, इंग्रजी, जे लागेल ते. सी फॉर्ममध्ये पासपोर्ट क्रमांक असतो, तो मेसेजमध्ये किंवा एक्सेप्शनच्या फील्डमध्ये अजिबात नको. लॉग किती ठिकाणी साठतो ते आपल्या हातात राहत नाही.


शिगमो, शुक्रवार, सकाळी ९:०२

एक शंका. फायनलीमध्ये रिटर्न लिहिला तर ही सगळी उतरंड असूनही चूक गायब होते का?


कुळागर, शुक्रवार, सकाळी ९:३१

होते. जावा, पायथन, पीएचपी तिन्हींत फायनलीतला रिटर्न उडत असलेला एक्सेप्शन टाकून देतो, काही खूण ठेवत नाही. पायथन ३.१४ पासून (२०२५) त्यावर सिंटॅक्सवॉर्निंग येते. जावात जावासीला एक्सलिंट फायनली हा पर्याय दिला की इशारा मिळतो.

फायनलीत क्लोज करतानाच दुसरी चूक आली तर जावात तीही पहिलीला झाकते. त्याऐवजी ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरा: क्लोजची चूक सप्रेस्ड म्हणून मूळ एक्सेप्शनला चिकटते आणि ट्रेसमध्ये दोन्ही दिसतात.


फेरीधक्का, शुक्रवार, रात्री ८:१५

मिसकॉन्फिगर्ड गेला, ८ उरले. रिट्राय आणि ट्रान्झॅक्शन दोन बीनमध्ये वेगळे केले. राहिलेल्या ७ मेथडना आता रोलबॅकफॉरची गरज नाही, क्लास रनटाइम झाले. एकाच खोलीवर एकदम ५० बुकिंगची चाचणी लावली: १ यशस्वी, ४९ वर ४०९, ५०० एकही नाही. आउटकमअननोनची चाचणी राहिलीय. विनंती घेऊन उत्तर न देणारा खोटा गेटवे उभा करतोय.


सुरंगी, शुक्रवार, रात्री ८:५०

त्या खोट्या गेटवेत दोन प्रकार ठेवा: पैसे कापून गप्प बसणारा, आणि न कापता गप्प बसणारा. पहिल्यात स्थिती विचारल्यावर बुकिंग पक्कं व्हायला हवं, दुसऱ्यात खोली मोकळी. आणि स्थिती विचारणारी विनंतीच टाइमआउट झाली, तर ती टेम्पररी. ते वाचन आहे, पुन्हा विचारायला हरकत नाही.